गेथिन ब्लाएनची हाक

पहिला दगड गाडीच्या काचेवर बसला तेव्हा मंत्री गेथिन प्रॉबर्ट मागच्या सीटवर वडलांची मेंढपाळी काठी मांडीवर आडवी धरून बसला होता. दुसऱ्या दगडाने काच आत आली. ड्रायव्हरच्या कपाळातून रक्ताची धार लागली आणि त्याने अशी एक शिवी हासडली, की चॅपलच्या आवारात ती त्याने उभ्या जन्मात उच्चारली नसती.

"साहेब, मागे फिरवू का?"

"मागे कुठे फिरवतोस? मी इथलाच आहे," गेथिन म्हणाला आणि दार उघडून उतरला.

'मी इथलाच आहे.' त्याची सगळी कारकीर्द या एका वाक्यावर उभी होती. मेंढपाळाचा धाकटा मुलगा तो. ब्लाएन नावाचं शेत रिवाजाप्रमाणे थोरल्या टुडुरकडे गेलं, म्हणून हा बोलण्यावर पोट भरायला निघाला. आधी जिल्ह्याच्या कौन्सिलात, मग लंडनला खासदार. तिथे मागच्या बाकांवर बसून केस पांढरे झाले. कार्डिफला वेल्सची स्वतःची विधानसभा आली, तेव्हा हा 'आपला डोंगर आपण चालवू' म्हणत लंडनची खुर्ची सोडून परतला आणि शेतीमंत्री झाला. मग कळलं, की जनावरांच्या रोगाचे हुकूम अजूनही लंडनहूनच सुटतात. ते वाचून दाखवायला फक्त तोंड इथलं लागतं.

दरीत मात्र त्याला कोणी मंत्री म्हणत नसे. तिथे माणसाचं नाव त्याच्या शेताने पुरं होतं, म्हणून तो गेथिन ब्लाएन. शनिवारी सकाळी चॅपलच्या मागच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि दुपारी टुडुरबरोबर डोंगरावर पेंड टाकायला जायचं, हा नेम त्याने लंडनला असतानाही मोडला नाही. मतांसाठी करतो, असं लोक म्हणत. थोडं मतांसाठी होतंही. पण तो कड्याखाली उभा राहून वडलांसारखी 'होऽऽप, होऽऽप' अशी हाक मारायचा, तेव्हा वरून मेंढ्या धावत यायच्या. मेंढ्यांना मताचा अधिकार नव्हता, एवढं तरी विरोधकांनी मान्य करायला हवं होतं.

मग लाळ्या-खुरकुताची साथ आली.

त्या डोंगरावर सहा शेतांची मेंढरं चरत आणि कुंपण एकही नव्हतं. लागतच नव्हतं, प्रत्येक शेताचा कळप आपल्या हद्दीतच राही. कोणत्या ओढ्यापर्यंत जायचं, वारा सुटला की कोणत्या खडकाआड बसायचं, हे मेंढी आपल्या कोकराला शिकवते. ते कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला शिकवतं. बाजारातून आणलेली मेंढी तिथे सोडली, तर आठवड्यात तिसऱ्याच गावी सापडते. म्हणजे ही मेंढरं मेली तर नवी आणता येणार नव्हती. डोंगर कायमचा रिकामा होणार होता, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

सरकारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की प्रत्येक शेताचा कळप वेगळा उतरवा, वेगळं रक्त तपासू. त्यावर गेथिन भर बैठकीत हसला होता. "बाई, या डोंगरावर मेंढरं वेगळी उतरत नाहीत. सगळे शेजारी मिळून हाकतात, एका वाड्यात आणतात, मग कानखूण बघून ज्याची त्याची निवडतात. माझ्या पणज्यापासून असंच चाललंय." कार्डिफच्या साहेबांना डोंगर शिकवायची संधी त्याला सोडवेना. लोकांना तो म्हणाला, "फक्त रक्त काढतील. शब्द देतो."

शब्द गेथिन ब्लाएनचा होता. लोकांनी कुत्री सोडली आणि सगळा डोंगर ब्लाएनच्या दगडी मेंढवाड्यात उतरवला. टुडुरने दारामागची वडलांची काठी त्याच्या हातात दिली, "धर, गेथ. तुला शोभते." फोटो छान आले.

आणि शेजारच्या हॅवर्डची एक लंगडी मेंढी रोगी निघाली. ती दिवसभर त्याच वाड्यात सहाही शेतांच्या मेंढ्यांना अंग घासत उभी होती. कळप वेगळे ठेवले असते, तर एकटा हॅवर्ड बुडाला असता. आता लंडनहून हुकूम सुटला, की वाड्यातली सगळी मारा. सुक्याबरोबर ओलं जळणार होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे हात मंत्र्याचा आणि अवलक्षण सगळ्या दरीचं.

गेथिन गाडीतून उतरला तेव्हा वाड्याच्या फाटकात ट्रॅक्टर आडवा घातला होता. पुढे टुडुर आणि मागे फावडी, दांडकी घेतलेले शेजारी. मेंढ्या मारायला आलेल्या माणसांच्या गाड्यांपुढे पोलिसांची रांग लागली होती.

"ऐक, टुडुर, वरून हुकूम—"

"हुकमाचं नाव काढू नकोस. शब्द कोणाचा होता?"

"हा रोग आहे रे, तो काही—"

"मी रोगाला विचारत नाहीये, गेथ. तुला विचारतोय."

"त्याला काय विचारतोस?" हॅवर्ड मागून रडत ओरडला. "कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ! लंडनचं पातं आणि ब्लाएनचा दांडा!"

टुडुरने गेथिनच्या हातातली काठी हिसकावली आणि भावाच्या तोंडावर हाणली. दात तुटल्याचा आवाज गेथिनला आधी आला, दुखलं नंतर. तो गुडघ्यावर आला तेव्हा पोलीस टुडुरवर तुटून पडले होते. हॅवर्डचं फावडं एका शिरस्त्राणावर खणकन वाजलं. मग कोण कोणाला मारतंय ते कळेना. लाठ्या पडत होत्या, माणसं चिखलात लोळत होती, कुत्री मिळेल ती पोटरी धरत होती. टुडुरचा डावा हात कोपरातून भलतीकडे वळला, तसा तो गुरासारखा ओरडला.

"सोडा त्याला! माझा भाऊ आहे तो!" गेथिन रक्त थुंकत किंचाळला. पोलिसांनी सोडलं. ट्रॅक्टर बाजूला ढकलला गेला. गेथिनने चिखलातून काठी उचलली. का उचलली, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मग वाड्यात काम सुरू झालं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं मेंढीचं डोकं मांडीत दाबायची, कपाळावर पिस्तूल टेकवायची, की टक्. पुढची. टक्. एक मेंढी विताना पडली आणि अर्धं बाहेर आलेलं कोकरू तिच्यामागे हलत राहिलं. मेंढ्या पळत नव्हत्या. वाड्यात त्यांना आजवर कोणी मारलं नव्हतं. टुडुरची बायको नेस्टा चुलीजवळ बाटलीवर वाढवलेली दोन कोकरं कपड्यांच्या टोपलीत घालून घेऊन आली आणि गेथिनच्या पायाशी ठेवून म्हणाली, "यांचीही यादीत नावं असतील ना? मग तूच ने." त्याने नेली. दुपारपर्यंत वाड्यात उभं असं काही उरलं नाही.

डॉक्टरीणबाई थकून आली. "वर काही राहिल्यात का?"

सगळ्यांच्या माना गेथिनकडे वळल्या. प्रत्येक वेळी काही बेरकी मेंढ्या कुत्र्यांना चुकवून काळ्या कड्याच्या खळग्यात दडतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पंधरा-वीस असतील. तेवढ्या जगल्या तरी त्यांची कोकरं डोंगर शिकतील, आणि डोंगर राहील. मोडका हात छातीशी धरून टुडुर फाटकाला टेकला होता. तोही गेथिनकडेच बघत होता.

"नाही," गेथिन म्हणाला. "सगळ्या उतरल्या."

इतक्या वर्षांच्या राजकारणात त्याने थापा पुष्कळ मारल्या होत्या. मनापासून मारलेली ही पहिली.

ती अर्धा तासही टिकली नाही. एका बंदुकवाल्याला दुर्बिणीतून खळग्यात पांढरं हलताना दिसलं. डॉक्टरीणबाईने गेथिनकडे एकदा पाहिलं आणि ती माणसं घेऊन वर निघाली. गेथिन मागून धावला, त्याच्या मागून टुडुर.

पहिल्या गोळीला एक मेंढी पडली. दुसऱ्या गोळीने एकीचा जबडा उडाला आणि ती तशीच लोंबता जबडा घेऊन पळत सुटली. बाकीच्या उधळल्या, त्या सरळ डोंगरमाथ्याकडे. माथ्यापलीकडे दुसरी दरी होती. तिथे रोग नव्हता आणि कळप अजून उभे होते.

"थांबवा त्यांना!" डॉक्टरीणबाई ओरडली. "पलीकडे मिसळल्या, तर ती सगळी दरी मारावी लागेल मला!"

बंदुकवाले धापा टाकत होते, गोळ्या खडकावर आपटत होत्या. मेंढ्या माथ्याच्या जवळ पोचल्या. गेथिनने टुडुरकडे पाहिलं.

"नको," टुडुर म्हणाला. "गेथ, नको रे. पाया पडतो तुझ्या."

गेथिनने फुटलेल्या ओठांवर हात धरला आणि हाक मारली. "होऽऽप! होऽऽप!"

मेंढ्या थांबल्या. त्याने पुन्हा हाक दिली. पुढची म्हातारी मेंढी वळली आणि मग सगळ्या वळल्या. शनिवारी दुपारी यायच्या तशाच उतारावरून उड्या मारत आल्या. जबडा उडालेलीही आली. त्याच्याभोवती गर्दी करून त्या पेंडीसाठी एकमेकींना ढुशा देऊ लागल्या. म्हाताऱ्या मेंढीने त्याच्या रिकाम्या तळहातात तोंड घातलं. तिचा श्वास गरम होता. त्याने काठीच्या टोकाच्या आकड्यात तिची मान अडकवून धरली.

"मारा," तो म्हणाला.

त्यांनी मारल्या. एकही दूर गेली नाही. रक्त त्याच्या बाह्यांत शिरलं, बुटांत शिरलं, आणि तो 'होऽऽप, होऽऽप' म्हणत राहिला, कारण थांबला असता तर उरलेल्या पळाल्या असत्या.

सगळं शांत झालं तेव्हा टुडुर जवळ आला. गेथिनने मान खाली घातली, तोंड पुढे केलं.

"मार," तो म्हणाला. "मार ना रे."

टुडुरने चांगल्या हाताने त्याच्याकडून काठी काढून घेतली. आकड्यावरचं रक्त त्याने गवताला पुसलं.

"वडलांची हाक जशीच्या तशी आहे," तो म्हणाला. "मला कधी जमली नाही. माझ्याकडे त्या मोटारसायकलचा आवाज ऐकून यायच्या."

गेथिनला काही बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

"खाली गाडी थांबलीय तुमची, मंत्रीसाहेब," टुडुर म्हणाला, आणि काठी टेकत डोंगर उतरू लागला.