अर्धं चाक पुढे

मी एक जुनं चाक आहे, मित्रांनो. सायकलचं, आणि त्यातही पुढचं. मागच्या चाकाला ओढायला चेन असते, मला कुणी नाही. खड्डा आला की आधी मी खायचा, चिखल आला की आधी मी उडवायचा. रस्ता काय म्हणतो ते माझ्या तारांतून वर चढतं आणि हँडल धरणाऱ्याच्या मनगटात जातं. मनगटातलं खाली माझ्याकडे येतं. म्हणून सांगतो, मॉस टोबिनला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. त्याची बायको नोरीन सोडून.

मॉस म्हणजे क्लोहीन गावचा पाववाला. सोमवार ते शनिवार पावाची गाडी घेऊन टिपरेरी जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून फिरायचा, आणि रविवार उजाडला की त्याच रस्त्यांवर सायकल काढायचा. नोरीन म्हणायची, हा माणूस सहा दिवस ज्या रस्त्याला शिव्या घालतो, सातव्या दिवशी त्याच्याच पाया पडायला जातो.

माझा जन्म मात्र मॉसकडचा नाही. मला बांधलं त्याच्या मित्रानं, जेर हॅलिननं. जेर दूध डेअरीत कामाला होता आणि हिवाळ्यात घरी चाकं बांधायचा. जेवणाच्या टेबलावर मधोमध माझं रिंगण मांडलेलं, आणि त्याची बायको ब्रीड हातात बटाट्यांचं पातेलं घेऊन जागा शोधत उभी. जेर एकेक तार आवळायचा, नखानं छेडायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. सारंगी लावावी तसं त्यानं मला लावलं. मग फिरवून फिरवून आऊट, म्हणजे रिंगणाचा वाकडेपणा, काढला. काडीइतकंसुद्धा डुलायचं नाही, असं बजावून सांगितलं.

त्यानं दोन चाकं बांधली, एकाच खोक्यातल्या तारांची. एक स्वतःला ठेवलं. तो माझा जुळा भाऊ. मी मॉसच्या लग्नात आहेर म्हणून गेलो. नोरीन अजून सांगते, बाकीच्या बायकांना लग्नात कपबशा मिळतात, मला चाक मिळालं.

मॉस हौशी सायकलवाला. पैसा नाही, पगार नाही, नुसतं वेड. शर्यत जिंकला तर इस्त्री मिळायची. नोरीनच्या कपाटात एकावर एक इस्त्र्या होत्या आणि मॉसचा एक शर्ट धड इस्त्रीचा नव्हता. पण काय गडी होता! पाऊस आडवा येऊ दे, वारा छातीवर येऊ दे, हा दारात उभा राहून आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, उघडेल आता. उघडायचं नाही. हा जायचाच. गावामागं घाट आहे, व्ही म्हणतात त्याला. वळणावर मेंढ्या बसलेल्या, वर काळं तळं. त्या घाटात भल्याभल्यांच्या पायांत गोळे यायचे. मॉस तिथं गुणगुणायला लागायचा. मला मनगटांतून कळायचं, हा आता खूश झाला.

एक खोड होती मात्र. आणि मित्रांनो, ती सायकलवाल्यांतच कळते, बाहेरच्यांना वाटेल यात काय एवढं.

दोघं शेजारी शेजारी सायकल चालवत असले की दोघांची पुढची चाकं एका रेषेत ठेवायची, अशी रीत आहे. मॉसला ते जमायचं नाही. तो अर्धं चाक पुढे काढायचा. शेजारच्यानं जोर लावून बरोबरी केली की हा पुन्हा अर्धं चाक पुढे. त्याला कळायचंसुद्धा नाही. शेजारचा घामाघूम, आणि हा पावाचे भाव सांगतोय. क्लबातले म्हणायचे, मॉसशी गप्पा मारायच्या तर दम आधी घरून आणावा लागतो. त्याच्या शेजारी कुणी टिकायचं नाही. जेर टिकला. वर्षानुवर्षं टिकला. त्यामुळे माझा जुळा भाऊ मी कधी धड पाहिलाच नाही. तो सदा माझ्या मागे अर्ध्या चाकावर. नुसता त्याचा आवाज ऐकायचो.

एकदा देशाला फेरी मारणारी आठवडाभराची शर्यत आमच्या व्हीच्या घाटातून जाणार होती. जिल्ह्याच्या संघात मॉस आणि जेर दोघं. एकानं पावाची सुट्टी काढली, एकानं दुधाची. घाटाच्या दोन्ही अंगाला सगळं गाव छत्र्या घेऊन उभं. मॉस पुढच्या घोळक्यात, रंगात आलेला. आणि अगदी वरच्या वळणावर मला गारगोटी लागली. फुस्स. सुटी चाकं घेतलेली संघाची गाडी खाली मेंढ्यांत अडकलेली. मॉसचा चेहरा बघवत नव्हता.

मागून जेर आला. उतरला. आपलं पुढचं चाक सोडवलं, मला काढलं आणि माझ्या भावाला मॉसच्या सायकलीत बसवलं.

"जा," तो म्हणाला. "बघत काय बसलास?"

मॉस गेला. जेर पावसात दगडी गडग्यावर बसला, मांडीवर मी. गाडी येईपर्यंत फार उशीर झाला आणि शर्यतीतून त्याचं नाव कटलं. मॉसनं मात्र शर्यत शेवटपर्यंत नेली. नंबर कुठंतरी मधे आला, पण हौशी माणसानं ती शर्यत पुरी करणं हेच केवढं. तो परतला तशा गावात शेकोट्या पेटल्या. त्या संध्याकाळी मॉस माझ्या भावाला परत करायला जेरच्या दारात गेला. आभार मानायची पद्धत आमच्या गावच्या पुरुषांत नाही. तो म्हणाला, तुझ्या चाकाला थोडा आऊट आहे रे.

"तुझ्या डोक्याला आहे," जेर म्हणाला आणि मला त्याच्या हातात दिलं.

पुढच्या रविवारी दोघं निघाले. अर्धं चाक पुढे कोण? मॉसच.

वर्षं गेली. कोळशासारखी काळी, पिसासारखी हलकी चाकं आली. पोरं मला बघून विचारायची, हे काय संग्रहालयातून आणलं का? मॉस हसायचा आणि घाटात त्यांना उत्तर द्यायचा. दर हिवाळ्यात जेर मला खोलायचा, ग्रीस भरायचा, आऊट काढायचा. माझं आयुष्य त्याच्या हातांनी वाढलं.

मग जेरच्या छातीचं दुखणं निघालं. मोठं ऑपरेशन झालं. बरा झाला तसा डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, चालवलीच पाहिजे, पण बेतानं. दम लागेल असं काही नको. जेरनं सायकल पडवीत खिळ्याला टांगली ती टांगलीच. खिडकीत बसून राहायचा. ब्रीड मॉसला हळूच म्हणाली, हा असाच बसला तर खुर्चीतच संपेल. काढ रे याला बाहेर.

मॉस दर रविवारी त्याच्या दारात जायचा. मी भिंतीला टेकून ऐकायचो. जेर म्हणायचा, आज नको, तू हो पुढं. शेवटी एका रविवारी मॉस हटूनच बसला, तेव्हा जेर खरं बोलला.

"तुझ्याबरोबर आलो तर तू अर्धं चाक पुढे काढणार. मी ते गाठायला जाणार. मला माझा स्वभाव ठाऊक आहे आणि तुझाही. मग ब्रीडला मला घरी उचलून आणावं लागेल."

"मी? मी कधी पुढे काढतो?" मॉस म्हणाला.

जेरनं दार लावून घेतलं.

मॉस घरी आला. वाटेभर मनगटं सैल, मी कुठंही वळत होतो. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं नोरीनला विचारलं, काय गं, मी पुढे काढतो का? ती कणीक मळायची थांबली.

"लग्नाच्या दिवशी चर्चमधून बाहेर पडताना तू अर्धं पाऊल पुढे होतास," ती म्हणाली. "फोटो आहे. आणू?"

त्यानं फोटो मागितला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची टोपलीवाली सायकल पुसली, तिच्यात हवा भरली आणि म्हणाला, चल, दुकानापर्यंत जाऊ. इतक्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा सोबत बोलावलं. तिला आधी वाटलं याला ताप आलाय.

काय हाल झाले त्याचे! टोपलीत अंडी, ती निवांत, वाटेत दिसेल त्याच्याशी बोलणार. हा अर्ध्या वळणावर पुढे निघायचा. ती सुरात म्हणायची, "पुढे." हा ब्रेक दाबायचा. पुन्हा, "पुढे." घाटात कधी दमला नाही असा माणूस सपाटीवर घामानं भिजला. पबच्या दारातले लोक ओरडायचे, नोरीन, दोरी बांध त्याला. देशाला फेरी मारलेला मॉस टोबिन अंड्यांच्या टोपलीशेजारी शिकत होता आणि त्याला लाज वाटत नव्हती. मी त्याच्याबरोबर मोठमोठे चढ चढलोय, मित्रांनो, पण माझ्या मते त्याची खरी चढण तीच.

इकडे ग्रीसवाचून माझी कटकट सुरू झाली होती. जेरशिवाय मला खोलणार कोण?

एका संध्याकाळी आम्ही जेरच्या खिडकीखालून गेलो. नोरीन काहीतरी सांगत होती, मॉस ऐकत होता, आणि माझी रेषा टोपलीवाल्या चाकाशी अगदी सरळ. नोरीन "पुढे" म्हणाली नाही. त्याला ते कळलंही नाही. वर खिडकीचा पडदा हलला.

पुढच्या रविवारी आम्ही हाक मारायला गेलो तर जेर फाटकाशीच उभा. सायकल खाली उतरवलेली.

"सपाटीवरच," तो म्हणाला.

"सपाटीवरच," मॉस म्हणाला.

निघालो. आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी माझा जुळा भाऊ धावताना धड बघितला. शेजारी, एका रेषेत, त्याच्या तारा माझ्यासारख्याच म्हाताऱ्या. जेरनं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, ते चाक किती दिवस ग्रीसवाचून फिरवतोयस? आण घरी. मॉस सपाटीवरच गुणगुणायला लागला.

असे महिने गेले. सपाटीवरून टेकडीवर आलो. डॉक्टरही हो म्हणाले. रानफुलांनी डोंगर जांभळे झाले तेव्हा एका रविवारी दोघं व्हीच्या घाटाला लागले, गोगलगायीच्या चालीनं. त्याच वरच्या वळणावर, त्याच गडग्यापाशी, जेर मेंढ्यांच्या भावाबद्दल काहीतरी सांगत होता. आणि बोलता बोलता माझा भाऊ सरकला. बोटभर. मग वीतभर. मग अर्धं चाक पुढे.

जेरला कळलंसुद्धा नाही.

मॉसनं बरोबरी केली नाही. सोमवारी पावाच्या प्रत्येक दारात तो सांगत सुटला, काल जेरनं मला मागे टाकलं. इस्त्री जिंकल्यावरसुद्धा तो इतका फुगला नव्हता.

तर मित्रांनो, तुमच्या सायकलीच्या चाकात हवा ठेवा. ग्रीस द्या, आऊट आलाय का बघा, पावसात टाकून देऊ नका. आम्ही बोलत नाही, पण आमची कटकट ऐकणारा कान ठेवा. आणि कुणाबरोबर निघालात तर मधूनमधून खाली बघा. तुमचं चाक कुठं आहे, त्याचं कुठं आहे. पुढे कधीही जाता येतं. शेजारचा मात्र दर रविवारी फाटकाशी उभा असेलच, असं नाही.