दुसऱ्या गाडीचे पिस्टन

तिने ठमीचा आंघोळीचा टब तिरका केला, तसे काळ्या रॉकेलमधून चार पिस्टन गडगडत एका कोपऱ्यात आले.

"हाच टब सापडला तुला?"

"स्वच्छ होता म्हणून घेतला," नवरा बॉनेटखालून म्हणाला.

सात आठवडे गाडी पोट फाडून उभी होती. या सात आठवड्यांत फ्रीजवर व्हॉल्व्ह आले, चमच्यांच्या खणात नटबोल्ट, आणि इस्त्रीच्या टेबलावर असं काहीतरी, ज्याला हात लावायची तिला बंदी होती. सोमवारपासून तिची लॅबमधली नोकरी पुन्हा सुरू. तिची शिफ्ट सातची, नवऱ्याची सहाची, पाळणाघर अकरा किलोमीटरवर. तीन वर्षांच्या ठमीला रोज मामा सोडणार, मामाच आणणार, याच गाडीने. आणि मामा तिच्या इंजिनात दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचे पिस्टन बसवत होते.

"सूनबाई, वैतागू नका," मामा म्हणाले. नवऱ्याचे हे सख्खे मामा तीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये होते. "या गाडीची कंपनी केव्हाच बुडाली. तिचे पिस्टन आणायचे कुठून? आणि सगळी इंजिनं शेवटी चुलतभावंडंच."

"चुलतभावाची कवळी माझ्या तोंडात बसेल का, मामा?"

नवरा फिस्सकन हसला. मामांनी मान वळवल्यावर त्याला खोकला आला.

ती चेष्टा करत नव्हती. ठमीला झोपवता झोपवता तिने दोन्ही गाड्यांची पुस्तकं वाचून काढली होती. पिस्टनचा व्यास तोच, पण याचा माथा पाऊण मिलीमीटर उंच.

"हा वर जाऊन व्हॉल्व्हवर आदळला तर? मोठ्या रस्त्यावर, पोरगी मागे बसलेली असताना?"

"त्यासाठीच झाकणाखालचं गॅस्केट जाड घेतलंय."

"जाड म्हणजे किती?"

मामांनी टेबलावरचं गॅस्केट अंगठा आणि तर्जनीत धरून चाचपलं.

"पुरेसं."

या 'पुरेसं'ने तिचं डोकं फिरायचं. सात आठवडे या माणसाने एक गोष्ट मोजून केली नव्हती. सिलिंडरच्या आत बोट फिरवायचं आणि म्हणायचं, चालेल. बोल्ट तळहातावर झुलवायचा आणि म्हणायचं, हा नव्हे. नवऱ्याला काही सांगावं, तर तो मामांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्यांच्यापुढे त्याची मान फक्त वरखालीच हलायची.

"मोजल्याशिवाय ठमी या गाडीत बसणार नाही," ती म्हणाली.

नवऱ्याने दचकून पाहिलं. मामा मात्र शांत होते.

"मोजू की. पोरीची खेळायची माती आणा."

युक्ती साधी होती. पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती थापायची, वर इंजिनाचं झाकण आवळायचं, हाताने इंजिन दोन फेरे फिरवायचं आणि पुन्हा उघडायचं. व्हॉल्व्हखाली दबून जेवढी माती उरेल, तेवढीच मोकळी जागा. दोन मिलीमीटर उरली तर भीती नाही.

ठमीने गुलाबी गोळा दिला, पण "परत द्यायची हं" असं तिघांकडून वदवून घेऊनच.

त्यात शनिवारची दुपार गेली. इंजिनाचा दातेरी पट्टा एक दात पुढे बसला, पुन्हा काढला. पाना सापडेना, नवरा त्याच्यावरच बसला होता. शेवटी झाकण उचललं, तेव्हा गुलाबी मातीत व्हॉल्व्हचा गोल ठसा स्वच्छ उमटला होता. तिने ब्लेडने तो मधोमध कापला. मामांनी मातीचा काप व्हर्नियर मापकाच्या दातांत हलकेच धरला आणि उजेडाकडे नेला.

"अडीच," ते म्हणाले. "घ्या! काय म्हणत होतो?"

"बघ!" नवरा तिला म्हणाला. "उगाच जीव खात होतीस आमचा."

ती मामांच्या हाताकडे पाहत होती. व्हर्नियरचे आकडे त्यांच्या तळहाताकडे होते. डोळ्यांसमोर होती ती मागची कोरी पट्टी.

"मलाही बघू द्या," ती म्हणाली, आणि त्यांच्या बोटांतून तो अलगद काढून घेतला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. दोन पॉइंट चार.

मामा तिच्या आवाजाच्या दिशेने थोडे पुढे झुकले.

"पुरेसं आहे ना?"

"हो," ती म्हणाली. "बरोबर आहे तुमचं."

रविवारी दुपारी इंजिन तिसऱ्या प्रयत्नात सुरू झालं आणि कुठेही न अडखळता गुणगुणत राहिलं. नवऱ्याने काळ्या हातांनीच टाळ्या वाजवल्या. मामा स्टिअरिंगमागे बसले.

"चला ठमाबाई, पहिली फेरी तुमची!"

ठमी धावली. आईने तिला मध्येच उचलून कडेवर घेतलं आणि मामांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. लायसन्स होतं तिच्याकडे. पोरगी झाल्यापासून ते पाकिटातून निघालं नव्हतं.

"मामा, तुम्ही पलीकडे बसता? मी चालवते."

"तू?" नवरा म्हणाला. "तू गल्लीतसुद्धा घाबरतेस. आणि रोज कोण सोडणार मग?"

"मीच. लॅबमध्ये नऊची शिफ्ट मागते."

"अगं, पण मामा असताना..."

"मामांनी इंजिनाचा आवाज ऐकायचा. तो तुलाही कळत नाही आणि मलाही."

मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. इंजिन चालूच होतं. मग ते उतरले.

नवरा खाली वाकून पाने गोळा करत होता. तिने ठमीला मागे बसवून पट्टा लावला आणि पुढे येऊन बसली. समोरून मामा बॉनेटवर तळहात टेकवत, कडेकडेने पलीकडे गेले. त्यांचा हात आधी काचेला लागला, मग पुन्हा काचेला, मग दाराच्या मुठीला.

दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत ती आरसा नीट करत राहिली.