पानावर टिकलेला थेंब

पालघरजवळच्या माहीमला सुगंधाकाकींच्या वाडीत फवारणी केली की औषध पानवेलींवर थोडं आणि खाली मातीत जास्त जायचं. पानं गुळगुळीत, मेणचट. थेंब आपटला की चपटा होऊन पसरायचा, लगेच आकसायचा आणि उसळी मारून खाली पडायचा. पालघरच्या कॉलेजात एमएस्सी करणाऱ्या अक्षयने हे मोबाइलवर संथ गतीत टिपलं होतं. त्याचा प्रकल्पच त्यावर होता.

मग त्याने पाण्यात प्रयोगशाळेतलं साबणासारखं एक द्रावण मिसळलं. आता थेंब पसरला की तसाच चिकटून राहायचा. त्याला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं, "तोडलेल्या पानावर तपासून भागत नाही. आधी एका वेलीवर मार आणि आठवडाभर थांब." पण सादरीकरण तोंडावर आलं होतं. अक्षयने काकींचे यजमान भगवंतकाका यांना सांगितलं, "सगळ्या वाडीत मारा."

"नक्की ना?" काकांनी विचारलं.

"काही होत नाही, काका."

सादरीकरणाच्या दिवशी सकाळीच काकींचा फोन आला. "अक्षय, पानांवर डाग पडलेत रे. करपल्यावानी दिसतात. येऊन बघतोस का?"

"संध्याकाळी येतो," म्हणून त्याने फोन ठेवला आणि शर्टाला इस्त्री करायला घेतली.

पडद्यावर थेंब पसरून टिकला तेव्हा हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "प्रत्यक्ष वाडीत वापरून पाहिलंत?"

"हो सर. चांगला परिणाम आहे. शेतकरी खूश आहेत."

बोलता बोलता त्याची नजर दाराजवळच्या खुर्चीकडे गेली. तिथे भगवंतकाका बसले होते. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं होती. मॅडमना दाखवून काही उपाय विचारावा म्हणून ते आले असणार. त्यांनी अक्षयकडे पाहिलं, मग मान खाली घातली, फडक्याची गाठ पुन्हा आवळली आणि आवाज न करता बाहेर गेले. टाळ्या सुरू झाल्या होत्या. 'सर, एक मिनिट' एवढंच त्याने म्हणायला हवं होतं. अक्षयने हसून गुलाबाचं फूल घेतलं.

दुपारी त्याने मॅडमना सगळं सांगितलं.

"उत्तर दिलंस तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आधी वाडीत जा. आपण नंतर बोलू."

काकी करपलेली पानं खुडून टोपलीत टाकत होत्या. अक्षय जवळ जाऊन म्हणाला, "काकी, चूक माझी आहे. आणि तिथे मी खोटं बोललो."

"यांनी सांगितलं," काकी हात न थांबवता म्हणाल्या. "म्हणाले, आपण तिथं बसलो तर पोराची अडचण व्हईल. म्हणून उठून आले."

अक्षयला वर बघवेना. काकांनी ओरडून पानं तोंडावर फेकली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"वेली जगतील?"

"जगतील. नवी फूट येईल. पण हाताशी आलेली पानं गेली." काकींनी दुसरी टोपली त्याच्याकडे सरकवली. अंधार पडेपर्यंत तो खुडत राहिला. काकांनी चहा आणला, त्यालाही दिला.

पुढच्या आठवड्यात अक्षयने विभागात सगळ्यांसमोर ती डागाळलेली पानं मांडली आणि आपण काय केलं, काय बोललो, ते सांगितलं. काकांनाही त्याने बोलावलं होतं. ते आले नाहीत.