स्वच्छ म्हणून निवडलेला गाळ

मी बरणीतला गाळ बोलतोय. जरा घाईत बोलतोय, सांभाळून घ्या. माझ्याच्यानं आता गप्प बसवत नाही.

माझा जन्म नदीच्या वरच्या वळणावर झाला. डोंगरावरची माती वाहत आली, पाणी जिथे संथ होतं तिथे बसली, तोच मी. अंगाखांद्यावर गोगलगायी होत्या, पाणवनस्पती होत्या. मग काठावर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा कारखाना आला. तिथला राडारोडा होडीतून आणून माझ्या डोक्यावर ओतत. दोन-तीन वर्षांत गोगलगायी संपल्या, हिरवं काही उरलं नाही. पुढे कारखाना बंद पडला आणि त्याच्या जागी झाडी माजली. शिसं मात्र माझ्यात मुरलं ते मुरलंच.

दोन महिन्यांपूर्वी एक संशोधक बाई होडीतून आल्या. खालच्या तळ्यातला गाळ उपसून शेतांत टाकायचा होता. त्याआधी त्यात विषारी धातू किती आणि त्यांचा जिवांना धोका किती, हे त्यांना ठरवायचं होतं. त्यासाठी तुलनेला एक स्वच्छ गाळ लागतो. जिथे वस्ती नाही, पाणी नितळ आहे अशी जागा दाखवा, असं त्या नावाड्याला म्हणाल्या. नावाडीकाका वल्हं धरून क्षणभर थांबले आणि त्यांना माझ्याकडे घेऊन आले. पाणी खरंच नितळ होतं. तळाशी वळवळणारं कुणी उरलंच नव्हतं, तर ते गढूळ करणार कोण?

प्रयोगशाळेत मला वाळवलं, कुटलं, चाळलं. बाई कामाला वाघ, डबासुद्धा उभ्याउभ्या खायच्या. माझ्यात शिसं बरंच निघालं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण इथला खडकच तसा असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मग तळ्याचा एकेक नमुना माझ्याशी ताडून पाहिला. माझ्यापेक्षा फार वाईट कुणीच निघेना. नापास मुलाला हुशार समजून बाकीच्या वर्गाला त्याच्यावरून गुण द्यावेत, तसला प्रकार. प्रत्येकापुढे 'धोका कमी' असं लिहिलं गेलं आणि मी बरणीत नुसता चडफडत राहिलो. बाईंनी तोंडी होकार कळवला, तीन आठवड्यांपूर्वी उपसा सुरूही झाला.

आज अहवालावर सही व्हायची होती. तेवढ्यात नावाडीकाका आले आणि खुर्चीच्या कडेला टेकले.

"बाई, तो राडा होडीनं मीच टाकायचो," ते म्हणाले. "घर त्यावरच चालायचं. तुम्ही नितळ पाणी म्हणालात, मी नितळ पाणी दाखवलं. खरं सांगायची लाज वाटली."

बाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझी बरणी उचलून जवळ घेतली.

"तो आकडा मलाही खटकला होता, काका. तरी मी पुढे गेले."

त्यांनी फोन करून उपसा थांबवला. मग काकांना विचारलं, तुम्हीही नेलात का तळ्यातला गाळ? काकांनी मान डोलावली. दोन गाड्या, पालेभाजीच्या वाफ्यांत.

"भाजी खाल्लीत?"

"कालच केली होती. नातीनं दोनदा मागून घेतली."

दोघं तसेच निघून गेले. दार उघडं आहे, पंखा फिरतोय, अहवालाची पानं जमिनीवर पसरलीत. मी खरा कसा आहे, हे आता सगळ्यांना कळेल. तळ्याचा गाळ पुन्हा तपासतील, मलाही तपासतील. पण माझी घाई करू नका. आधी त्या पोरीचं रक्त तपासा.