घरचा मांडव, बाजारचा मांडव

गुरुदासचे तवशांचे, म्हणजे मोठ्या काकड्यांचे, दोन मांडव होते. एक घरामागे विहिरीशेजारी, लहानसा. दुसरा खाली मळ्यात, चांगला ऐसपैस. मागच्या मांडवावर तो औषधाचा थेंब उडवायचा नाही. घरात खायचं असतं, म्हणायचा. खालच्या मांडवावर मात्र पाठीला पंप लावून आठवड्याची फेरी ठरलेली, कारण तिथली तवशी मालवणच्या बाजारात जायची. यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. वाडीतही कोणाला वाटलं नाही, कारण बहुतेकांचं तसंच होतं. खरं सांगा मंडळी, आपल्या ओळखीत असा एक तरी माणूस नाही का?

तसा गुरुदास वाईट नव्हता. त्याची तक्रारही खोटी नव्हती. गिऱ्हाईक तवसं हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवतं, सुईएवढा डाग दिसला तरी खाली ठेवतं. फळमाशीने टोचलेलं, वाकडं फळ चतुर्थीच्या दिवसांत कोण घेणार? मग फवारण्याशिवाय करायचं काय, असं तो चारचौघांत विचारायचा, आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही.

त्याची लेक आकांक्षा तोंडवलीत दिलेली. गेल्या वर्षी तिची लग्नानंतरची पहिली गौर होती, म्हणजे पहिला ओवसा. आमच्याकडे नवी सून गौरीपुढे सुपं ओवसते, म्हणजे ओवाळते, आणि मग एकेक सूप घरातल्या थोरामोठ्यांच्या हाती देऊन पाया पडते. सुपातली फळं, भाज्या, नारळ माहेरचे. माहेराहून काय आलं यावर कोणी बोलत नाही, पण बघतात सगळे.

आदल्या संध्याकाळी गुरुदास माल घेऊन मालवणात गेला होता. इकडे त्याची बायको किशोरी सुपं भरायला बसली. मागच्या मांडवावरची तवशी बघते तर एक वाकडं, दुसऱ्याला माशीने टोचलेलं. लेकीच्या सुपात असली कशी घालायची? ती खाली मळ्यात गेली आणि सरळ, तुकतुकीत अशी दहा तवशी कापून घेऊन आली. सकाळी सुपं रिक्षात घालून तोंडवलीला गेलीसुद्धा. घरच्या गणपतीचा नैवेद्य करून गुरुदास दुपारी मागून जाणार होता.

आरती झाली. नैवेद्याच्या कोशिंबिरीला तवसं हवं म्हणून तो मागे गेला. मांडवावर सगळी तवशी कालची तशीच लटकत होती. मग सुपात गेली ती कुठली? तो मळ्यात धावला. काल त्याने हात लावला नव्हता त्या वेलांवर दहा देठ ताजे कापलेले दिसले.

परवाच त्याने तिथे औषध मारलं होतं. पाऊस थांबत नव्हता, धुऊन जाईल म्हणून एका झाकणाच्या जागी दोन झाकणं घातली होती. बाटलीवर जहाल विषाची खूण असलेला लाल त्रिकोण होता. खाली बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं होतं, ते त्याने आजवर वाचलं नव्हतं. फवारल्याचं किशोरीला सांगितलंही नव्हतं. सांगायचं कशाला, खालचं तवसं घरात येतच नाही ना!

त्याने किशोरीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. लेकीला लावला, तोही कोणी उचलला नाही. जावयाचा, विनीतचा, लागलाच नाही. सगळे पूजेत असणार. गुरुदासने नैवेद्याचं ताट भावजयीच्या हाती दिलं आणि मोटारसायकल काढली.

वाटेत त्याला एकच चित्र दिसत होतं. लहान असताना आकांक्षा मांडवाखाली बसून मीठ लावलेलं तवसं कच्चंच, सालीसकट खायची. कितीदा ओरडलं तरी ऐकायची नाही. ती सवय तिची अजून गेलेली नव्हती. पावसाने रस्ता निसरडा झाला होता, दोनदा गाडी घसरता घसरता राहिली, पण वेग कमी करायचा धीर त्याला होईना.

तो पोचला तेव्हा ओवसा आटोपत आला होता. माजघर भरलेलं, आकांक्षा शेवटच्या सुपासह आजेसासूच्या पाया पडत होती. आणि बाजूच्या पाटावर, विनीतच्या भावाच्या पोरांपुढे, ताटलीत तवशाच्या फोडी! गुरुदासने पुढे होऊन ताटली उचलली.

आता सांगायचं काय? एवढ्या माणसांत, पहिल्या ओवशाला, लेकीच्या सासरी! एक सोपी थाप जिभेवर आली आणि त्याने ती मारली. तवशी कडू निघाली आहेत, म्हणाला, खाऊ नका.

किशोरीचा चेहरा उतरला. आकांक्षाला मात्र ते लागलं. माहेरच्या तवशांना आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं.

"बाबा, आमची तवशी कधी कडू निघाक नाय," ती म्हणाली आणि त्याच्या हातातल्या ताटलीतून तिने एक फोड उचलली. सासरच्यांना चाखून दाखवावी म्हणून तोंडाजवळ नेली.

"खाव नको गो बाय! परवाच औषध मारलंय मी त्याच्यार!"

तो बोलून गेला. लाज वाटत होती, पण फोड तिच्या हातातून खाली पडली हे बघून जिवात जीवही आला.

आकांक्षाची सासू रुक्मिणी तीस वर्षं आरोग्यसेविका होती. तिने आरडाओरडा केला नाही. आधी पोरांना हात धुवायला पाठवलं, मग कोणी किती खाल्लं ते विचारलं. पोरांनी खाल्लं नव्हतं. एक फोड तिने स्वतःच खाल्ली होती. कुठलं औषध, किती मारलं, एवढं तिने विचारून घेतलं. मळमळलं, डोकं गरगरलं तर औषधाचं नाव लिहून घेऊन थेट दवाखाना गाठायचा, असं विनीतला बजावलं.

मग ती सगळ्यांशीच बोलली. एका फोडीने माणूस बहुधा आजारी पडत नाही. भीती आहे ती रोज थोडं थोडं पोटात जाण्याची, आणि पोरांना जास्त. म्हणून भाजी सोडायची नाही, ती नीट धुवायची. चिरण्याआधी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवायची, चिरल्यावर नव्हे. पालेभाजी पाणी बदलून दोन-तीनदा. पाण्यात मीठ घालून भिजवली तरी चालते, पण मग चांगल्या पाण्याने परत धुवायची. साबण अजिबात लावायचा नाही. साल निघते त्याची साल काढायची, कोबीची वरची पानं टाकायची. आज सकाळी घाईत तिनेच तवसं नुसतं पुसून चिरलं होतं, तेही तिने कबूल केलं.

"पण जा आत मुरला, तां पाण्यान जाणा नाय," ती गुरुदासकडे वळून म्हणाली. "फवारल्यार किती दिवस थांबाचा, तां बाटलीर लिवलेला असता. तां काम माजा नाय, तुमचा."

गुरुदासने मान डोलावली. घरच्या मांडवावर आपण काही मारत नाही, असं तो पुटपुटला. तिला हे कळावं, आपण अगदीच बेफिकीर नाही असं वाटावं, म्हणून बोलला असेल. पण रुक्मिणीने नेमकं तेच पकडलं.

"व्याहीनू, आमच्यासाठी तुमी धावत इलास, बरां केलास. पण कालच्या बाजारात ज्येंनी ही तवशी न्हेली, त्येंच्याकडे कोण धावतलो?"

गुरुदास जेवायला थांबला नाही. तिथूनच मालवणला गेला. त्याचा माल कार्मेलिना विकायची. तिच्याकडे निम्मीच तवशी उरली होती. बाकीची कोणी नेली, ते तिला कुठून ठाऊक असणार? एक बाई पोराला कडेवर घेऊन आली होती, एवढं तिला आठवत होतं. गुरुदासने उरलेली तवशी परत घेतली आणि मळ्यात खड्डा करून पुरली. त्या बाईचं पोर मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. सांगायचं म्हटलं तरी तिला शोधायचं कुठे?

रुक्मिणीला काही झालं नाही. तरी आठ दिवस तो रोज सकाळी फोन करून विचारत होता.

आता त्याच्या दोन्ही मांडवांना एकच नियम आहे. माशीसाठी सापळे टांगतो, कोवळ्या फळाला कागद गुंडाळतो. फवारावंच लागलं तर मापात, आणि मांडवाच्या खांबाला तारीख लिहिलेली पाटी अडकवतो. बाटलीवरचे दिवस भरल्याशिवाय तवसं तुटत नाही, मग बाजार चुकला तरी चालेल. डाग बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं तेव्हा कार्मेलिना त्यालाच चार शब्द सुनावते.

यंदाच्या गौरीला तोंडवलीच्या सुपात एक वाकडं, टोचा पडलेलं तवसं गेलं. रुक्मिणीने ते उचललं, हसली, आणि नळाखाली चोळून चोळून धुतलं. मग सोलून पहिली फोड सुनेला दिली. गुरुदास समोरच बसला होता. त्याने ती लेकीला खाऊ दिली.

मंडळी, डाग नसलेली भाजी मागताना आपण काय मागतो आहोत, याचा विचार करा, आणि घरी आणलेली भाजी नीट धुवा. आणि पिकवणाऱ्यांनो, जे आपल्या लेकीच्या सुपात घालवत नाही, ते दुसऱ्याच्या लेकीच्या पिशवीत घालू नका.