निळ्यावर पांढरं

बबिताने मेणबत्तीचा वरचा थर नखाने खरवडला. पांढरा भुगा निघाला, खाली रंग तसाच निळा होता. दुसऱ्या हातातल्या फोनवर वणीची प्रियंका बोलत होती. तिचं उद्या लग्न.

"ताई, फोटो पाह्यले मी. बुरशी आल्यासारख्या दिसून राह्यल्या."

"बुरशी नाही ते. सोयाबीनच्या मेणाले असं होतेच. निवता निवता पांढरं उमटते. निळ्यावर जरा जास्त दिसते."

"बुद्धाच्या मूर्तीसमोर, बाबासाहेबांच्या फोटोसमोर असे डाग पडलेल्या लावू?"

"जळाले काही फरक पडत नाही."

"दिसाले पडते ना."

फोनवर मागे कोणीतरी खोकत होतं.

"दुसऱ्या कोनत्या चालल्या असत्या तं एवढ्या लांब कायले आलो असतो?" प्रियंकाचा आवाज उतरला. "बाबाले साध्या मेणबत्तीचा धूर सोसत नाही. राजूरच्या खाणीत होते ना ते. धूर झाला का ठसका, ठसका लागला का उठून बाहेर. लग्न लागताना ते माह्या समोर बसले पाह्यजेत, ताई. बस, एवढंच हाय माह्यं. काही तरी करा. माहा भाऊ संघदीप संध्याकाळी गाडी घेऊन येते."

फोन बंद झाला. पन्नास निळे ग्लास खिडकीखाली मांडलेले होते, प्रत्येकावर पांढऱ्या डागांचा वेगळा नकाशा.

*

कार्ड. प्रिय ग्राहक, मेणबत्तीवर दिसणारे पांढरे डाग हा दोष नसून

('दोष' खोडलं. शब्द वाचला की आधी तोच दिसतो.)

कार्ड. दुधावर साय धरते तशी या मेणावर पांढरी साय धरते.

(हे तिला आवडलं. मग आठवलं, काही लोक साय दिसली की चहा परत करतात.)

कार्ड. कृपया समजून घ्या.

(फाडलं.)

*

दारात रामीबाई पिशवीवर आरसे टाचत बसली होती. पन्नास वर्षं तिचा हात सुईवर. सासूला बबिता याडी, म्हणजे आईच म्हणायची, तांड्यात सगळेच म्हणायचे.

"सकाळपासून काय लिहून राह्यली?"

"डाग काहून पडले ते."

"वाकडा टाका पडला तं मी उसवतो. चिठ्ठी लावतो का त्याले?"

"हा वाकडा टाका नाही, याडी. हे असंच राह्यते."

"मंग लोकायले काहून चालत नाही?"

रामीबाईने सुईच्या टोकाने एक टाका उचलला, दोरा ओढून काढला आणि त्याच भोकातून पुन्हा घातला. लग्नाच्या कापडावर तिने आजवर एक वाकडा टाका राहू दिला नव्हता. एकदा नवरीची अख्खी ओढणी तिने आदल्या दिवशी उसवली होती.

बबिता कार्ड छापायला महागावला गेली. दुकानात लाइट नव्हती. ती बाकावर बसून मजकूर मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. लाइट आली तेव्हा कुठे कार्डांचा गठ्ठा छापून हातात पडला.

*

ती परतली तेव्हा ग्लास खिडकीखालीच होते. पन्नास. गुळगुळीत, चकचकीत, एकसारखे निळे. एकावरही डाग नव्हता.

तिने एकाला हात लावला. काच अजून कोमट होती.

"याडी?"

"वितळवलं सगळं. बचत गटातल्या बाया आल्या होत्या मदतीले." रामीबाईचा चेहरा फुलला होता. "पह्यल्यांदा पुन्हा तसंच पांढरं आलं. मंग थोडं दुकानचं टाकलं."

"काय दुकानचं?"

रामीबाईने चुलीकडे बोट दाखवलं. चुलीमागे मेणबत्त्यांची रिकामी पाकिटं पडली होती, लाइट गेल्यावर लावतात त्यांची. बाजूला पातळ वातींचा गुंता, त्याला पांढरं मेण चिकटलेलं.

"आता पाह्य बरं. उसवल्याबिगर सरळ होते का?"

बबिताने कोपऱ्यातलं पोतं उघडून पाहिलं. सोयाबीनचं मेण संपलं होतं. नवीन यायला आठवडा लागणार. फळीवर, फोटो काढायला बाजूला ठेवलेली, डागाची एकच मेणबत्ती उरली होती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

*

संघदीप आत आला, ग्लास पाहिले आणि शीळ घातली.

"ताई, जादू केली का? प्रियंका तं सकाळी रडून राह्यली होती."

तो खोकी भरून बाहेर नेऊ लागला. त्याच्यामागून आलेला म्हातारा खाटेवर, बबिताने ठेवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याशेजारी टेकला आणि वरचं कार्ड वाचू लागला. हे पंजाबराव, प्रियंकाचे वडील. श्वास घेताना त्यांचे खांदे वर जात. रामीबाईने पाण्याचा लोटा पुढे केला. पंजाबरावांनी पाणी घेतलं, मग शेजारचा एक ग्लास उचलून नाकाशी धरला.

"यात सेंट नाही ना टाकला, बाई?"

"नाही काका. तुमच्यासाठी बिनवासाचीच केलती."

त्यांनी पुन्हा वास घेतला. बराच वेळ.

"हा तं लाइट गेल्यावरचा वास हाय."

रामीबाईच्या हातातली सुई थांबली. बबिताकडे पाहता पाहता तिच्या लक्षात आलं, बिनधुराच्या मेणबत्त्या या म्हाताऱ्यासाठीच होत्या.

"म्या टाकलं," ती म्हणाली. "हिले माहीत नव्हतं. डाग जावं म्हनून टाकलं."

"काका, नका नेऊ," बबिता म्हणाली. "मी प्रियंकाले फोन करतो. सगळं सांगतो."

"आन मंग उद्या दहा वाजता काय लावू? तुह्यी चिठ्ठी?" पंजाबरावांनी ग्लास जपून खोक्यात ठेवला. "पोरीले अशाच पाह्यजे होत्या."

"पण तुम्ही?"

"मी बाहेर बसीन. आजकाल पाहुणे समदे जेवनाच्या मंडपातच राह्यतात. बाप कुठी बसला, कोन पाह्यते?" ते हसले. हसता हसता ठसका लागला. तो थांबेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या.

"पोरगा येते. चूप राहा दोघीबी."

त्यांनी हात लांब करून फळीवरची डागाची मेणबत्ती घेतली आणि मांडीवर ठेवली.

संघदीप शेवटचं खोकं न्यायला आला.

"बाबा, हे डागाचं कायले घेतलं?"

"तिले इचार. कार्ड छापून आणलं तिनं."

संघदीप हात झटकत उभा राहिला. घाई नव्हती त्याला, खुशीत होता. बबिताने गठ्ठ्यावरचं पहिलं कार्ड उचललं.

"मेणबत्तीवरचे पांढरे डाग नैसर्गिक आहेत," तिने वाचलं. "शुद्ध सोयाबीनच्या मेणाची ती खूण आहे. अशी मेणबत्ती..."

"पुढं?"

"अशी मेणबत्ती शांत जळते. धुराचा त्रास होत नाही."

संघदीपने वडिलांच्या मांडीवरचा ग्लास उचलला, उजेडात धरून फिरवला. निळ्यावर पसरलेलं पांढरं त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"एवढं चांगलं राह्यते हे?" तो बबिताकडे वळून हसला. "मंग ताई, समद्याच डागाच्या काहून नाही देल्या?"