पहिला दोर

नाथांच्या रथाचा पहिला दोर धरून नानासोला मिळणार होतं ते एवढंच: एक फेटा, एक नारळ आणि देवळापासून वेशीपर्यंत चुलतभाऊ लालासाहेबाच्या पुढे चालणं. फेटा-नारळ त्याने हिशेबात धरलेच नव्हते.

हा मान दोन घरांत वर्षाआड फिरायचा. यंदा पाळी नानासोची. पण दूध संघात बसून कारकुनी करणाऱ्या दादाला हे झेपेल का, अशी काळजी लालासाहेबाने भर बैठकीत वाहिली. वेशीच्या आत दोर हातातून सुटला, तर मान कायमचा लालासाहेबाच्या घरात, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी नानासो पलूसच्या जिममध्ये हजर.

तिथल्या सोनिया मॅडमनी नीट समजावलं. वरचा दांडा छातीपर्यंत ओढला की काखेखालचे पंख भरतात. बसून केबल पोटाकडे ओढली की खांद्याच्या पात्यांमधली पाठ. आणि जमिनीवरून बार उचलला की मांड्यांची मागची बाजू, कुल्ले, कंबर. दंड तर ओढण्यात फुकटात राबतात.

"ह्यातलं समोरनं काय दिसतंय?" नानासोने विचारलं.

"पंख आणि दंड."

"मग तेवढंच शिकवा."

"काका, रथ कंबरेनं आणि पायानं ओढतात."

"फोटोवाला समोर असतोय, मॅडम."

तीन महिन्यांत शर्टाच्या बाह्या तटतटल्या. दूध संघात नानासो फायलीसुद्धा छातीपाशी ओढून घेऊ लागला.

यात्रेत पहिली शंभर पावलं झोकात गेली. मग चाक गटाराच्या फरशीला अडलं. नानासोने नुसत्या दंडांनी हिसका दिला, रथ हलला आणि कंबरेत काहीतरी कटकन झालं. तो वाकला तो वाकलाच. दोर मुठीत, नाक गुडघ्यांपाशी आणि वेस अजून पन्नास पावलं.

दोरावर त्याच्या मागचा हात लालासाहेबाचा. त्याने खाली डोकावून पाहिलं.

"दादा, सोडताय?"

"न्हाई रं. पर सरळच हुईना."

लालासाहेबाने वेशीकडे पाहिलं, एकदा दादाच्या पांढऱ्या पडलेल्या मुठीकडे पाहिलं, आणि तोही तसाच वाकला. मागे वळून म्हणाला, "औंदा देवाम्होरं वाकून जायाचं हाय. चला."

दोर धरलेली चाळीस माणसं वाकली. बायकांनी हात जोडले.

वेशीपर्यंत दोर सुटला नाही, नानासोच्या घरची पाळी टिकली. तो तिसऱ्या दिवशी सरळ झाला. लालासाहेब मात्र आठवडाभर भिंत धरून चालत होता, आणि विचारेल त्याला मोटारसायकलवरून पडलो म्हणून सांगत होता.